‘पालकांनी लक्ष ठेवावे’ या उत्तराविरुद्ध तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(मोबाइल गेम कंपनीचे भारतातील कार्यालय)

विषय: अल्पवयीन मुलीशी अनोळखी व्यक्तीने केलेले चॅट व त्यावर आपण दिलेले उत्तर

महोदय,

माझ्या आधीच्या तक्रारीला आपल्याकडून जे उत्तर आले, त्यात मुद्द्याचे वाक्य एकच आहे: ‘मुलांच्या ऑनलाइन वापरावर लक्ष ठेवणे ही पालकांची जबाबदारी आहे.’ बाकी सगळे आभारप्रदर्शन. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

आधी घडले काय ते पुन्हा सांगते, कारण उत्तर लिहिणाऱ्याने (कोणी माणूस असलाच तर) तक्रार वाचलेली दिसत नाही. माझी मुलगी पाचवीत आहे. आपला गेम ती माझ्या फोनवर, हॉलमध्ये, आमच्यादेखत खेळते. परवा मी कणीक मळत होते, तेव्हा तिने खेळता खेळताच विचारले, “आई, आपल्या शाळेचा पिनकोड काय गं?” बक्षिसाचे पार्सल शाळेत येणार होते म्हणे. फोन हातात घेऊन चॅट वर सरकवत नेले. सुरुवात ‘क्या मस्त खेलती है तू’पासून. मग शाळा कुठली, सुटते किती वाजता, घ्यायला कोण येते. शेवटी, ‘इधर नहीं, दूसरे ऐप पे आ, डायमंड भेजता हूँ. मम्मी को मत बोलना.’ समोरच्याच्या खात्यावर वय होते १२.

लक्ष होते म्हणूनच हे सापडले. आता आपल्या बाजूचे पाहू.

तक्रारीचे बटण शोधायला खेळाडूच्या चित्रावर बोट दाबून धरावे लागते, मग तीन ठिपके, मग यादीच्या अगदी तळाशी. कारणांमध्ये शिवीगाळ आहे, चीटिंग आहे, मुद्दाम हरणेसुद्धा आहे. मोठा माणूस लहान मुलीला फूस लावतोय, याला पर्यायच नाही. मी ‘इतर’ निवडले. उत्तर आले: ‘नियमांचा भंग आढळला नाही.’ मुलांना ऑनलाइन संबंधांसाठी फूस लावणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. आपल्या नियमांत तो बसत नसेल, तर नियम तपासा.

नव्या खात्यावर अनोळखी लोकांशी चॅट आपोआप सुरू असते आणि बंद करायचे असेल तर पालकाने शोधत फिरायचे, हे कोणी ठरवले? मी नाही. फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित जपणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने) डिसेंबर २०२२ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. मुलांच्या गोपनीयतेच्या त्या प्रकरणात कंपनीला २७.५ कोटी डॉलर मोजावे लागले, आणि मुलांसाठी चॅट मुळात बंद ठेवा, पालकांनी हो म्हटले तरच सुरू करा, असे बजावण्यात आले. म्हणजे ही गोष्ट जमते. आपल्याला ती करायची नाही, एवढेच.

आता वय. जन्मसालाचे चाक फिरवून खरे साल टाकले तर आपला गेम ‘तुम्ही पात्र नाही’ म्हणतो. मागे जाऊन दुसरे साल टाकले की त्याच मिनिटाला आत घेतो. मुलगी कधी खेळते, कधी कंटाळते, गेममधल्या कुठल्या हिऱ्यांसाठी हट्ट करेल, हे मात्र बिनचूक कळते. ‘टीम तुझी वाट बघतेय’ ही सूचना रात्री साडेनऊलाच कशी येते? शिवाय ‘वापरकर्त्याने अटी मान्य केल्या आहेत’ असेही आपण लिहिता. मी पतसंस्थेत काम करते. आमच्याकडे लेकराच्या नावाने साधे आवर्ती खाते उघडायचे तरी जन्मदाखला आणि अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईबापाची सही लागते. अज्ञानाने, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्या मुलाने, केलेला करार मुळातच निरर्थक, हे प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी अमदानीतील सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. दहा वर्षांच्या मुलीने दाबलेले ‘मान्य आहे’ आपण कोणाला दाखवणार?

फोन देऊच नका, असेही आपल्या मदत-पानावर सुचवले आहे. शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येतो, साहेब.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येत नाहीत, आणि कसूर झाल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. या कायद्याखालच्या नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत दिली आहे, हे मला ठाऊक आहे. ती तयारीसाठी आहे. तोवर मुलांना वाऱ्यावर सोडा, असे त्यात कुठे लिहिलेले नाही.

त्या व्यक्तीचे खाते तत्काळ बंद करावे, पण चॅट आणि नोंदणीची माहिती पुसू नये. काढलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपून ठेवणे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार आपल्यावर बंधनकारक आहे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मी तक्रार नोंदवली आहे. लहान मुलांच्या खात्यांवर अनोळखी चॅट बंद असावे, आणि फूस लावण्याच्या तक्रारीला वेगळा पर्याय पहिल्याच पडद्यावर असावा. हे करणार की नाही, आणि केव्हा, ते लेखी कळवावे.

पोच २४ तासांत मिळायला हवी. उत्तराखाली अधिकाऱ्याचे नाव हवे. ‘टीम सपोर्ट’ चालणार नाही. समाधान झाले नाही तर मी सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाणार आहे.

कळावे,
एक ग्राहक, नाशिक

सोबत: चॅटचे स्क्रीनशॉट, आपले आधीचे उत्तर, सायबर पोर्टलवरील तक्रारीची पावती