कुलूप बदलले, बिघाड तसाच: सदोष इग्निशन स्विचबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: चावी अडकणे व चालत्या गाडीचे इंजिन बंद पडणे, चुकीचा भाग बदलून मूळ दोष न काढल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीची ऑटोमॅटिक गियरची गाडी मी वापरते. गाडीचा तपशील, जॉब कार्डांच्या प्रती आणि मी काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. आपल्या अधिकृत वर्कशॉपने इग्निशनचे कुलूप बदलून त्याचे पैसे घेतले आणि मूळ बिघाड जसाच्या तसा ठेवून गाडी माझ्या ताब्यात दिली. ती गाडी आता चालता चालता बंद पडते. वर्कशॉपमध्ये सांगून थकले, म्हणून थेट आपल्याला लिहीत आहे.

सुरुवात चावी अडकण्यापासून झाली. गाडी उभी करून चावी मागे फिरवली की ती ॲक्सेसरीपर्यंत (इंजिन बंद, पण रेडिओसारखी उपकरणे चालू राहतात त्या जागेपर्यंत) यायची आणि तिथेच अडायची. लॉकपर्यंत जातच नसे, मग बाहेर कशी निघणार? गाडीसोबतच्या पुस्तिकेतले सगळे उपाय केले. स्टिअरिंगवर ताण असेल तर कुलूप अडते, म्हणून ते हलकेच डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवली. गाडी पी (पार्क) मध्ये असल्याचे कळल्याशिवाय इंटरलॉक, म्हणजे चावी अडवून ठेवणारी यंत्रणा, चावी सोडत नाही, म्हणून ब्रेक दाबून गियरचा दांडा काढून पुन्हा पी वर बसवला. बॅटरी उतरली असली तरी चावी अडकू शकते, म्हणून तीही तपासून घेतली. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. जवळपास न वापरलेली दुसरी चावी घातली, तर तीही तशीच अडकली. म्हणजे चावी झिजल्याचा प्रश्नच नव्हता. हे सगळे मी गाडी देताना सविस्तर सांगितले. जॉब कार्डावर उतरले ते एवढेच: ‘चावी जाम’.

वर्कशॉपने आधी कुलपात तेलाचा फवारा मारला. कुलपाच्या आत चावीच्या दात्यांवर सरकणाऱ्या बारीक पत्र्या असतात. तेलाने त्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या होतात, पण पुढे त्याच तेलावर धूळ धरते आणि त्या आणखी चिकटतात. अशा ठिकाणी ग्रॅफाइटची कोरडी पूड घालतात, हे अधिकृत वर्कशॉपला ग्राहकाने सांगावे लागू नये. चावी पुन्हा अडकलीच. मग ‘पूर्ण सिलिंडर बदलावा लागेल’, म्हणजे चावी जाते ते कुलूपच, असे सांगण्यात आले आणि तो बदललाही. आता दरवाजाला एक चावी आणि इग्निशनला दुसरी, एवढाच काय तो फरक पडला.

वास्तविक दुसरी लक्षणे आधीपासून होती आणि ती मी प्रत्येक वेळी सांगत होते. कधी चावी स्टार्टवर नेली तरी स्टार्टर फिरत नसे, डॅशबोर्डचे दिवे मात्र लख्ख. कधी इंजिन सुरू झाल्यावर हात सोडला तरी चावी ऑनवर परतायला रेंगाळायची आणि तेवढा वेळ स्टार्टर करकरत राहायचा. खड्ड्यातून गाडी गेली की डॅशबोर्ड क्षणभर काळा पडून पुन्हा उजळायचा. ही लक्षणे कुलपाची नाहीत. कुलूप फक्त चावी ओळखते आणि फिरते. वीज जोडण्या-तोडण्याचे काम त्याच्या मागे बसवलेला इग्निशन स्विच करतो. त्याच्या आतले संपर्क जळले, प्लॅस्टिक वितळले, की स्विच आतूनच धरतो आणि पुढे चावीही अडते.

सिलिंडर बदलताना मी शेजारीच उभी होते. स्टिअरिंगखालचे कव्हर काढले तेव्हा स्विचचा कनेक्टर समोर दिसला. पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक कोपरा तपकिरी पडून फुगला होता आणि जळका वास येत होता. मेकॅनिकने त्यावर बोट ठेवून स्वतःहून म्हटले, ‘हे तापतंय.’ सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, ‘चालतंय तोवर राहू द्या, मॅडम.’ आणि कव्हर परत बसवले गेले. फोटो त्याच क्षणाचा आहे.

मला सर्वांत जास्त चीड याचीच आहे. चावी ऑनवर ठेवून स्विचमध्ये येणारे आणि बाहेर पडणारे व्होल्टेज मल्टिमीटरने पाहायचे, चावी किंचित हलवली की आकडा उड्या मारतो का ते बघायचे. काही मिनिटांचे काम. कव्हर उघडेच होते. मीटर कोणी हातात घेतला नाही.

त्यानंतर एका वळणावर इंजिन बंद पडले. स्टिअरिंग एकदम जड झाले. इंजिन बंद असले की ब्रेकची मदत एक-दोनदा पेडल दाबेपर्यंतच उरते, पुढे पेडल दगडासारखे होते. मागच्या सीटवर माझी आई होती. गाडी कशीबशी कडेला घेता आली. अशा वेळी धडक झाली असती तर एअरबॅग उघडल्याच असत्या याची खात्री आपली कंपनी देईल का?

यावर वर्कशॉपचे उत्तर: ‘चावीला जुडगा जड असेल.’ माझ्या चावीला साधी रिंगही नव्हती. शिवाय जड जुडग्याने स्विच जागचा हलत असेल तर तोही दोष स्विचचाच. २०१४ मध्ये जनरल मोटर्सला याच कारणासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्विचची पकड ढिली असल्याने चालत्या गाडीत चावी ऑनवरून ॲक्सेसरीवर सरकत होती आणि एअरबॅग निकामी होत होत्या. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तिथला सुधारित भाग जुन्याच पार्ट नंबरने बसवला गेल्यामुळे दोष शोधायला अधिक वेळ लागला, हेही नोंदलेले आहे. म्हणून माझ्या जॉब कार्डावरच्या ‘चावी जाम’ या नोंदीला मी क्षुल्लक मानत नाही. इंजिन बंद पडल्याचे, कनेक्टर जळल्याचे कागदावर येतच नसेल, तर अशा किती गाड्यांत हे घडते आहे ते आपल्याला कळणार कसे?

माझी मागणी अशी. इग्निशन स्विच, कनेक्टर आणि त्यामागचे वायरिंग आपल्या तांत्रिक अधिकाऱ्याने माझ्यासमोर मोजून तपासावे आणि सदोष भाग विनाशुल्क बदलावेत. काढलेला स्विच आणि आधी काढलेला सिलिंडर मला परत मिळावा. सिलिंडर बदलण्याची गरज नव्हती असे निघाल्यास त्याचे पूर्ण पैसे परत करावेत आणि सर्व दरवाजांसह एकच चावी चालेल असा लॉक सेट बसवून द्यावा. जॉब कार्डावरील नोंद दुरुस्त करून त्यात सर्व लक्षणे लिहावीत. या स्विचबाबत इतर ग्राहकांच्या तक्रारी आल्या आहेत का, याचे उत्तर लेखी हवे. फोनवरचे आश्वासन नको.

चावी अजून ॲक्सेसरीवरच अडकलेली आहे आणि बॅटरी उतरू नये म्हणून तिची निगेटिव्ह वायर काढून ठेवली आहे. ही गाडी मी स्वतः चालवत वर्कशॉपला आणणार नाही. ती उचलून नेण्यासाठी आपण वाहन पाठवावे आणि ते केव्हा येईल हे आधी कळवावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: जॉब कार्डांच्या प्रती, सिलिंडरचे बिल, कनेक्टरचे फोटो