डाव्या हाताला कॅमेरा देणाऱ्या मामांना

प्रिय मामा,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. माझ्यासारखं कुणी वाचत असेल, तर त्यालाही उपयोग होईल.

मोटारसायकलच्या अपघातात माझ्या उजव्या हाताच्या नसा मानेजवळ तुटल्या. हात जाग्यावर आहे, पण उचलत नाही, बोटं मिटत नाहीत. लग्नाचे फोटो काढून घर चालवायचो मी. दुखणं सोसलं, पण पुन्हा कॅमेरा घेतला तेव्हा खरा घाव बसला. शटर उजवीकडं, पकड उजवीकडं, सेटिंगची चाकं उजवीकडं. कॅमेरा उलटा धरून डाव्या अंगठ्यानं शटर दाबून पाहिलं. फोटो येतो, नंतर फिरवून घेता येतो. पण निकॉन डी-७५० आणि त्यावरची २४-७० लेन्स मिळून पावणेदोन किलो. पाच मिनिटांत मनगट थरथरायचं. एका मोठ्या शोरूममध्ये गेलो, तर म्हणाले, ‘आता मोबाईलवरच काढा.’ तुमच्या दुकानात आलो होतो तो हा कॅमेरा विकायला.

तुम्ही किंमत सांगितलीच नाही. कपाटातून जुना एक्झाक्टा कॅमेरा काढून माझ्या डाव्या हातात ठेवलात. शटर डावीकडं, फिल्म ओढायची दांडीही डावीकडं! जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या इहागी कंपनीनं १९३६ साली या घराण्यातला पहिला ३५ मिलिमीटरचा कॅमेरा काढला, हे तुम्ही सांगत होतात आणि मी नुसता शटर दाबत बसलो होतो. कित्येक महिन्यांनी तो आवाज माझ्या बोटातून आला होता.

मग शेजारच्या दुकानातून एक किलो आणि अर्धा किलो गुळाच्या ढेपा आणल्यात. एकेक डोळ्यापर्यंत उचलून धरायला लावलीत, घड्याळ लावून. किलोला हात लगेच खाली आला, अर्ध्याला टिकला. ‘झालं, लेन्ससकट अर्धा किलो. आता त्यात बसणारा शोधू,’ म्हणालात. इतके डॉक्टर, इतके दुकानदार झाले, पण हाताला किती पेलतं हे कुणी मोजलं नव्हतं.

तीन आठवडे फोन करून तुम्ही ऑलिंपसचा जुना ई-एम-१० मार्क टू कॅमेरा मिळवलात. बॅटरी, कार्ड धरून ३९० ग्रॅम, वर २५ मिलिमीटरची १३७ ग्रॅमची लेन्स. चालू-बंद करायचा खटका डाव्या खांद्यावर, हे बघून तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खूश झालात. आत प्रकाश टिपणारा सेन्सरच हलून थरथर सावरतो, एका हातानं धरणाऱ्याला याचं मोल विचारा. शटर मात्र उजवीकडंच. त्यावर तुमचं वाक्य मी विसरणार नाही: ‘बाबुराव पेंटरांनी याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा घडवला, आपल्याला एक बटण डावीकडं आणता येईना?’

सुताराकडून सागवानी मूठ करून घेतलीत. ती कॅमेऱ्याखाली ट्रायपॉडच्या पाव इंची स्क्रूवर बसते, आणि वायरच्या रिमोटचं बटण बरोबर अंगठ्याखाली येतं. अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. पहिली मूठ जाड झाली, दुसरी घामानं निसटायची. तिसरीला तुम्ही सायकलच्या हँडलचं रबर चढवलंत.

सगळं सुटलं असं नाही. लेन्स बदलायला बसावं लागतं, कॅमेरा मांडीत धरून. उजव्या बाजूची चाकं फिरवायला तो गळ्यात सोडावा लागतो, म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते, आधीच लावून ठेवतो आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला किती संवेदनशील राहायचं ते, कॅमेऱ्यावर सोपवतो. लग्नाची धावपळ झेपणार नाही, ते काम मी भावाला दिलं. पण पहाटे तालमीत जातो. कमी उजेड, लाल माती, अंगावर माती घेऊन उभे पैलवान. आणि मी कोपऱ्यात, एका हातानं. पूर्वी या फोटोंना मला वेळच नव्हता.

मुठीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. सोबत एक फोटो देतोय, या कॅमेऱ्यावरचा पहिला. तुमचा हात आहे, मुठीवर कानस चालवताना. फ्रेम करू नका म्हणालात तरी मी केलीय. आणि मुठीचा स्क्रू जरा सैल लागतोय, सोमवारी सकाळी येतो.

तुमचा,
डावखुरा झालेला भाचा