फराळाच्या डब्यातली खसखस

संपादक महोदय,
दिवाळीचा फराळ परदेशी नेण्याची लगबग आमच्या डोंबिवलीत सुरू झाली आहे. चकल्या, शेव खुशाल न्या. पण दुबई किंवा सिंगापूरच्या बॅगेत खसखशीचे अनारसे भरू नका. तिथे खसखशीवर बंदी आहे, चमचाभरही अंगाशी येऊ शकते. मसाल्यातलीही तपासा. सुक्या खोबऱ्याची वाटी तर सामानात चालतच नाही. तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकते. (आमच्या मसाल्याचा जीवच त्यात, पण करणार काय!) ऑस्ट्रेलियाला उतरताना लाडूसुद्धा अर्जात लिहावेत, लपवल्यास जबर दंड. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. यंदा जावयांसाठी मी तिळावरचे अनारसे थापलेत. खसखशीची सर नाही, पण दुबईला पोचतील.
– एक सासूबाई, डोंबिवली