चिठ्ठी लोकांसमोर काढा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या लशीची चाचणी सुरू होण्याआधी लोकांना माहिती देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दुष्परिणाम काय होऊ शकतात, मधेच बाहेर पडता येतं का, हे सगळं लोक शांतपणे ऐकून घेतात. बैठक बिघडते ती एकाच वाक्यावर : ‘कुणाला लस मिळेल आणि कुणाला नाही, हे कम्प्युटर ठरवेल.’ एकदा एक आई उठली आणि म्हणाली, ‘कम्प्युटर कुणाच्या हातात आहे, तेवढं सांगा.’ मला उत्तर देता आलं नाही. कुणाला काय मिळणार याची यादी कुठे, कशी तयार झाली हे मीही पाहिलं नव्हतं.

तिची शंका रास्त होती, कारण माणसाच्या हाती वाटणी दिली की काय होतं याचा धडा जुना आहे. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरमध्ये दुधाने मुलांची वाढ जास्त होते का, हे पाहायला शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. दहा हजार मुलांना रोज दूध, दहा हजारांना नाही. गट असमान वाटले तर मुलांची अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांनी काय केलं असेल? दुबळ्या, गरीब मुलांकडे त्यांचा हात आपसूक वळला. प्रयोग सुरू होतानाच दूध न मिळणारी मुलं सरासरीने उंच आणि वजनदार निघाली, तुलनेचा पायाच ढासळला. पुढच्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञ गॉसेट यांनी हा दोष उलगडून दाखवला. शिक्षकांच्या मनात पाप नव्हतं, दया होती. पण दयेतून लागलेला वशिलाही वशिलाच, आणि त्यापायी वीस हजार मुलांवरच्या मेहनतीतून खात्रीचं उत्तर मिळालं नाही.

वाटणी माणसावर न सोडता चिठ्ठी टाकायची ती यासाठी. हे एवढं साधं कारण आम्ही लोकांना सांगतच नाही, नुसतं ‘रँडमायझेशन’ (म्हणजे चिठ्ठीने केलेली वाटणी) म्हणून मोकळे होतो.

माझी मागणी अशी आहे. जिथे अख्ख्या गावांची किंवा वस्त्यांची वाटणी होणार असेल, तिथे सोडत उघड्यावर व्हावी. चिठ्ठ्या आधी मोजून दाखवाव्यात आणि काढणारी माणसं त्या त्या वस्तीनेच निवडावीत. मात्र केवळ उघड्यावर झाली म्हणून सोडत खरी ठरत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत टीव्हीवर सगळ्या देशासमोर झाली, पण तारखांच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या कुप्या नीट मिसळल्या नव्हत्या आणि वर्षअखेरीच्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. तेव्हा सोडतीची पद्धत संख्याशास्त्रज्ञाने ठरवावी, पण हात लोकांचे असावेत.

एकेका रुग्णाची वाटणी असते तेव्हा मात्र प्रत्येक चिठ्ठी सर्वांसमक्ष काढता येत नाही. पुढची चिठ्ठी कोणती हे आधी कळलं तर डॉक्टर आपल्या लाडक्या रुग्णाला हवी ती चिठ्ठी येईपर्यंत थांबवून ठेवू शकतो. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यासाठीच बंद पाकिटं वापरली होती. (त्याच चाचणीत साध्या विश्रांतीच्या गटातल्या रुग्णांना आपण तुलनेसाठी आहोत हे कळूही दिलं नव्हतं. तो भाग आपल्याला नको.) अशा ठिकाणी यादी कशी बनते याचं प्रात्यक्षिक आधी लोकांना दाखवावं. खऱ्या यादीची मोहोरबंद प्रत चाचणी चालवणाऱ्यांच्या हाताबाहेर, लोकांना मान्य असलेल्या व्यक्तीकडे राहावी आणि शेवटी ती सर्वांसमोर उघडून ताडून पाहावी.

आणि चिठ्ठीआधीच लेखी सांगावं की दुसऱ्या गटाला काय मिळणार. २०१५ मध्ये गिनी देशात इबोलाच्या लशीची चाचणी झाली, तेव्हा रुग्णाच्या संपर्कातल्या काही गटांना लगेच आणि काहींना २१ दिवसांनी लस द्यायची, असं चिठ्ठीने ठरत होतं. लस उपयोगी आहे हे दिसताच लोकांना २१ दिवस थांबायला लावणं बंद झालं आणि पुढच्या सर्व गटांना ताबडतोब लस दिली गेली. ‘तुमचा नंबर नंतर आहे’ आणि ‘तुम्हाला काहीच नाही’ यातला फरक लोकांना बरोबर कळतो.

महोदय, चाचणीच्या परवानगीपत्रातच सोडतीची जागा, वेळ आणि चिठ्ठी काढणाऱ्यांची निवड नमूद करणं बंधनकारक करा, आणि या कामाचा खर्च चाचणीच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवायला लावा. तो वेगळा नसला की सगळ्यात आधी त्यालाच कात्री लागते, हे मी पाहिलं आहे.

आपली नम्र,
चाचण्यांबद्दल लोकांशी बोलणारी एक कार्यकर्ती