खांबापासून ६० मीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला 'बडोद्यात आता इंटरनेट घरोघरी' हा लेख वाचला. सगळा वाचला असे म्हणता येणार नाही, कारण तो मध्येच थांबतो आणि खाली तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापून 'उर्वरित लेखासाठी स्कॅन करा' अशी आज्ञा आहे. इंटरनेट सर्वांना मिळाले की नाही हे समजायला आधी इंटरनेट लागावे, यातली गंमत तुमच्या कार्यालयात कोणाच्याच लक्षात आली नाही का? असो. जेवढा छापलात तेवढ्यावरच लिहिते.

'घरोघरी' या शब्दाला माझी हरकत आहे. ३४ वर्षे प्राथमिक शाळेत मराठी आणि गणित शिकवले. घरोघरी म्हणजे प्रत्येक घरी. बहुतेक घरी नव्हे, आणि ज्या घरांना लिफ्ट आहे त्या घरी तर नव्हेच नव्हे. दांडिया बाजारच्या मागच्या अंगाला आमचा बोळ आहे. त्यात ११ घरे. मोठ्या रस्त्यावरच्या खांबाला एका ब्रॉडबँड कंपनीचा डबा लटकतो, तो माझ्या ओट्यावरून दिसतो. ६० मीटर. पावलांनी मोजलेत.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्या कंपनीला फोन केला. (नाव लिहीत नाही. तिची जाहिरात तुमच्याच पहिल्या पानावर असते, तेव्हा लिहिले तरी तुम्ही खोडालच.) दोन दिवसांनी एक तरुण मुलगा आला. चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायला, गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "मासी, तमारे त्यां फिजिबिलिटी नथी." म्हणजे, मावशी, तुमच्याकडे जोडणी शक्य नाही. मी म्हटले, बाबा रे, तो बघ तुझा डबा. तर म्हणे, डबा दिसतो हो, पण वायर येणार कुठून? मधल्या जुन्या वाड्याला सात वारस, त्यांचा आपसांत दावा चालू, भिंतीला खिळा ठोकायचा तर परवानगी कोणाची घ्यायची? हे कारण मला पटलेही असते. पण निघता निघता तो खरे बोलून गेला. इथे घरे कमी, त्यातली घेणारी त्याहून कमी; दहा कनेक्शने जमवून द्या, मग साहेब वायर टाकतील. म्हणजे अडचण वारसांची नव्हती, गिऱ्हाइकांची होती.

आम्हा शिक्षकांना जनगणनेची सवय. वही घेतली आणि ११ घरे फिरले. त्या दोन संध्याकाळींत मला जे कळले ते तुमच्या लेखात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

११ पैकी १० घरांत स्मार्टफोन आहे. तुमच्या हिशोबाने ही दहाही घरे 'जोडलेली'. पण त्यातला रिक्षावाल्या भाईंचा फोन सकाळी साडेसहाला त्यांच्याबरोबर स्टेशनवर जातो आणि रात्री नऊला परत येतो. मधले साडेचौदा तास त्या घरात बायको, दोन मुली आणि सासू आहेत, इंटरनेट नाही. शिंपीकाकांचा फोन दुकानात असतो, कारण ब्लाउजांची मापे त्यावर येतात. पोळ्या करून देणाऱ्या बाईंचा फोन घरातच असतो, पण दिवसाचे दीड जीबी दुपारी दोनच्या आत दोन नातवंडे संपवतात. त्यानंतर जे उरते त्याचा वेग ६४ केबीपीएस. सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या वाढवून किमान २ एमबीपीएस, म्हणजे २००० केबीपीएस, केली. भागाकार मी केला आहे: त्या बाईंच्या घरी दुपारनंतर व्याख्येचा एकतिसावा हिस्सा पोहोचतो. शिवाय महिना २८ दिवसांचा! आमच्या पंचांगात अधिक मास तीनेक वर्षांनी एकदा येतो, या कंपन्यांचा दरवर्षी येतो आणि तेरावे रिचार्ज घेऊन जातो. ३० दिवसांची एक तरी योजना ठेवा असे दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ मध्ये बजावले होते. आमच्या नाक्यावरच्या रिचार्जवाल्याला ती योजना विचारली की त्याला दुसरे गिऱ्हाईक आठवते.

रिक्षावाल्या भाईंच्या थोरल्या मुलीचे सांगते. माझीच विद्यार्थिनी. पाढे म्हणताना डोळे मिटायची, चुकायची नाही. त्याच जूनमध्ये बारावीनंतरच्या प्रवेशाचे तिचे चालले होते. अर्ज ऑनलाइन, ओटीपी वडिलांच्या फोनवर आणि वडील सवारी घेऊन गेलेले. ही इकडे शेजारणीच्या फोनवर अर्ज भरते आहे आणि तिकडे ओटीपी सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षात येतो आणि तिथेच मरतो. असे तीन वेळा झाले. चौथ्या दिवशी ती एका सायबर कॅफेत गेली. त्याने १५० रुपये घेऊन अर्ज भरला, आणि हिला ईमेल नव्हता म्हणून स्वतःचाच घातला. कागदपत्रे तपासायला अमुक तारखेला या, हा निरोप त्या ईमेलवर आला. त्याने तो पाहिला तारीख उलटल्यावर. त्याला तरी काय बोलणार? त्या आठवड्यात त्याच्या ईमेलवर किती मुलांची भविष्ये येऊन पडली असतील! मुलीला पाहिजे होता तो विषय गेला, जिथे जागा उरली तिथे नाव घातले. आता ती जाते नियमितपणे, तक्रार करत नाही. मी करते आहे.

तर नावे. दहा झाली. सर्वांत आधी रिक्षावाले भाई आले, दोन महिन्यांचे पैसे दहा-वीसच्या नोटांत घेऊन. त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, उत्तम, फक्त आता प्रत्येकाने सहा महिन्यांचे आगाऊ भरायचे. शहरातल्याच गोत्री भागात माझा भाचा राहतो, तो दरमहा भरतो. मग आम्हीच आगाऊ का? तर 'एरिया पॉलिसी'. सहा महिन्यांचे एकदम म्हटल्यावर दहातली सहा नावे गळली, साहजिक आहे. चार घेऊन पुन्हा फोन केला तर ती योजनाच बंद झाली होती. मुलगा फोनवर ओशाळून 'सॉरी मासी' म्हणाला. त्याच्यावर राग नाही, त्यालाही टार्गेट असते.

आणि हा माझा गोत्रीचा भाचा! त्याच्या फ्लॅटमध्ये दोन कंपन्यांच्या वायरी आहेत. दुसरी कशाला, असे विचारले तर म्हणाला, "बॅकअप." त्याच्या सोसायटीत तिसरी कंपनी गेल्या महिन्यात मिठाईचे डबे वाटून गेली. तिथे कोणी वाडा आडवा येत नाही आणि दहा नावांची वहीही लागत नाही.

महाराजांचे नाव घेतले की आम्ही बडोदेकर आवरत नाही, हे मला ठाऊक आहे, तरी घेते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मग १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डनसाहेबांना आणून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले, कारण वाचायला शिकवून पुस्तक न देणे हा नुसता छळ. त्या योजनेत पुस्तकांच्या लाकडी पेट्या राज्याच्या खर्चाने खेड्यांत जात. ही पेट्यांची गोष्ट भाषणांत सगळे सांगतात. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी, हिशोबाची. गावाला वाचनालय हवे असेल तर एक वाटा गावाने जमवायचा, तेवढाच सरकारने घालायचा आणि तेवढाच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने. फुकट नव्हतेच ते. पण गावाने आपला वाटा आणला की उरलेले दोन वाटे येणार, याची खात्री होती. आमच्या बोळाने आपला वाटा दहा-वीसच्या नोटांत आणला होता. उरलेले दोन कोणाचे, एवढेच माझे विचारणे आहे.

पैसे नाहीत असे कोणी सांगू नये. सार्वत्रिक सेवेसाठी म्हणून सरकार दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के घेते. त्या निधीला आता 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. सरकारच्या भारतनेट योजनेचे फायबर ग्रामपंचायतींपर्यंत न्यायला याच निधीतून खर्च झाला, त्याचे चांगलेच वाटते. पण शहरातला बोळ ना ग्रामपंचायतीत बसतो, ना कंपनीच्या फिजिबिलिटीत. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ग्रामीण आणि दुर्गम भागांच्या जोडीला सेवा कमी पोहोचलेल्या शहरी भागांचाही उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांना शहरातही असे बोळ असतात हे ठाऊक आहे, तुमच्या वार्ताहरांना नाही.

तुमच्या लेखात 'पीएम-वाणी'चे कौतुक आहे. कौतुक रास्त आहे. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेली ही योजना, चहावाल्यालाही परवान्याशिवाय वाय-फाय विकता येते. नाक्यावरच्या चहावाल्याला मी स्वतः जाऊन सुचवले. तो म्हणाला, "बाई, अर्ध्या चहावर पोरं दोन तास बसतील, बाकं कुठून आणू?" शिवाय बारावीच्या मुलीने रात्री नऊ वाजता चहाच्या टपरीवर बसून अभ्यास करावा, असे आमच्या बोळात अजून तरी कोणी म्हणत नाही. मुंबई-पुण्यात म्हणत असतील.

हे पत्र मी हाताने लिहिले. ते टपालाने पाठवणार होते, पण तुमच्या चौकटीत 'पत्रे केवळ ईमेलने, युनिकोडमध्ये, २०० शब्दांत' असे आहे. तेव्हा भाच्याने टंकून पाठवले आहे, त्या दोन वायरींपैकी कुठल्या तरी एकीवरून. २०० शब्दांची मर्यादा मोडली याबद्दल क्षमस्व. कमी करायचे असेल तर महाराजांचा भाग कमी करावा, ते समजून घेतील. मुलीचा करू नये.

नावांची वही माझ्याकडे आहे. तुमच्या वार्ताहरांना पाहायची असेल तर त्यांनी संध्याकाळी यावे. रिक्षा आत येत नाही, नाक्यावर उतरावे लागेल. फोन करून येऊ नये, घरात रेंज नसते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे

ता. क. : रविवारच्या शब्दकोड्यातली १७ आडवी ओळ चार अक्षरांची आहे आणि तुम्ही बुधवारी छापलेले उत्तर पाच अक्षरांचे. ही या महिन्यातली दुसरी वेळ. शिवाय अंक आमच्याकडे दुपारी बाराला पडतो. पूर्वी सकाळी सहाला पडायचा.