चुना लावलेली भिंत

चि. बाळास,
प्रभूमध्ये आशीर्वाद.

चर्चच्या त्या सभेबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं तुझ्या आईला कबूल करून बसलोय. एवढंच विचारतो, रविवारी उपासनेला गेला होतास का?

बांधकाम निधीचा हिशेब मागितलास, त्यात काही चुकलं नाही. पण पाळकसाहेबांना भर सभेत ढोंगी म्हणालास, आणि वर पेत्राचं वचन ऐकवलंस, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे म्हणून. अरे, पेत्राला येशूच्या नावानं शिकवायचीच बंदी होती. तुला 'पुढच्या सभेत बघू' एवढंच म्हणाले ना? (तेच उत्तर मी तीन सभा ऐकतोय, ते सोड.)

प्रेषितांचीच कृत्ये काढ, 23वा अध्याय. प्रमुख याजक पौलाच्या तोंडात मारायला सांगतो आणि पौल भडकून त्याला चुना लावलेली भिंत म्हणतो. हा प्रमुख याजक आहे असं कळल्यावर मात्र लोकांच्या अधिकाऱ्याविरुद्ध वाईट बोलू नये, हे शास्त्रवचन तो स्वतःच काढतो. पण मारायला सांगितलं ते बरोबर होतं, असं काही म्हणत नाही. शब्द आवरला, मुद्दा नाही सोडला. तुला तेवढं जमलं असतं तर...

झालं माझं प्रवचन सुरू. माफ कर.

सात वर्षांचा असशील. दहा आज्ञा म्हणून दाखवताना आईबापाचा मान राख, इथं अडलास. 'आणि बाप खोटं बोलला तर?' आई हसली, मी ओरडलो. परवा मागच्या बाकावरून तोच आवाज आला आणि छाती भरून आली. लगेच पोटात गोळाही आला, कारण त्या निधीच्या हिशेबाच्या वहीवर माझी सही आहे. पान कोरं असताना केलेली.

रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय मी वडीलजनांना किती वेळा वाचून दाखवला असेल. तिथं कर घेणारे, तलवार धरणारे राज्यकर्ते आहेत, पाळक नाहीत, हे कळत असूनही. गप्प बसायला बरा पडायचा.

पण माणसांवरच्या रागानं चर्चची मंडळी सोडू नकोस. मोठ्या काकांनी सोडली. आजीला निरोप द्यायला आले तेही चर्चच्या पायरीवरच उभे राहिले. रविवारचं विचारतो ते यासाठी. पुन्हा विचारणार नाही.

गुरुवारी वही घेऊन पाळकसाहेबांकडे जातोय. त्या एका शब्दाबद्दल दोन ओळी लिहून पाठवल्यास तर नेईन. नाही पाठवल्यास तरी जाणार आहे.

तुझ्या खोलीपासून चर्च किती लांब आहे? आई विचारतेय.

तुझे,
पप्पा