अण्णा, इथं भट्टी नाही

बाम्बेर्ग, जर्मनी
मृगाच्या तोंडावर

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप होते, थंडी कधीच सरली. आता आई म्हणणार, "मजेत हायस तर मग कागद कशाला खराब करायलीस?" कारण फोन तुम्ही ओसरीवर स्पीकरवर लावता. मी कारखान्याचं नाव काढलं की मागून काकू विचारतात, "कशाचा गं कारखाना?" आणि आई लगेच पाऊसपाण्यावर येते. मोतीबिंदू काढल्यापासून अण्णांना बारीक अक्षरही दिसतं असं कळलं. म्हणून हे पत्र.

भावकीत काय बोलतात ते मला गोविंदनं सांगितलंय. परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकवली, कर्ज काढून परदेशी धाडली, अन् पोरगी दारू गाळायली. अण्णा, यातलं गाळणं तेवढं खोटं आहे. हातभट्टीत सडवलेलं रसायन तापवून त्याची वाफ धरतात आणि वाफेची दारू होते. आमच्या बिअरच्या कारखान्यात वाफ धरायचं काही कामच नाही. बिअर आंबवायची असते. दारूच नाही असं मी म्हणत नाही, पाचेक टक्के अल्कोहोल असतं, ते आहेच.

सातूला मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. ते आम्ही भरडतो आणि गरम पाण्यात कालवतो. पाणी आधी बासष्ट अंशांवर काही वेळ, मग बहात्तरवर. या दोन टप्प्यांत धान्यातल्या पिठाची साखर होते. पहिला टप्पा लांबवला तर बिअर कोरडी, दुसऱ्यावर भर दिला तर अंगानं भरलेली. चोथा खाली राहतो आणि गोड रस निघतो, त्याला वर्ट म्हणतात. तो हॉप्स (एका वेलाची कडू फुलं) घालून तास-दीड तास उकळायचा. हॉप्स सुरुवातीला टाकले तर कडूपणा येतो, शेवटी टाकले तर वास राहतो. मग रस झपाट्यानं गार करून यीस्ट सोडायचं. चोथा एक शेतकरी ट्रॉली लावून घेऊन जातो, त्याच्या गाई दुधाच्या आहेत. ट्रॉली भरताना दर वेळी आपल्या गोठ्याची आठवण येते, पण ते असू द्या.

आई, यीस्टचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते विरजण आहे. विरजण शिळं असलं, कमी पडलं किंवा दूध फार कढत असताना लावलं, तर दह्याचं काय होतं ते तू न चाखता सांगतेस. इथं तेवढ्याचसाठी सूक्ष्मदर्शक आहे. मागच्या टाकीच्या तळाशी बसलेलं यीस्ट काढून घेतो, त्यातल्या जिवंत पेशी मोजतो आणि मगच किती सोडायचं ते ठरवतो. आंबताना रस आपोआप तापतो, म्हणून टाकीच्या दोन पत्र्यांमधून गार पाणी खेळवतात. आमची बिअर दहा-बारा अंशांवर आंबते, नंतर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे नुसती पडून राहते. घाई केली तर लोण्यासारखा वास येतो. लोण्याला चांगला, बिअरला दोष.

पण हे सगळं फार थोडा वेळ चालतं. दिवसाचा मोठा भाग धुण्यात जातो. टाकी, पाइप, झडपा, पुन्हा टाकी. आधी कॉस्टिक, मग पाणी, मग आम्ल, मग पाणी, शेवटी जंतुनाशक. हाताची काळजी करू नको, कोपरापर्यंत हातमोजे असतात आणि डोळ्यांवर चष्मा. गॅसचंही तू दोनदा विचारलंस. खरंय, आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो जड असल्यामुळं खाली साचतो. गाळ काढायला विहिरीत उतरलेली माणसं जशी जातात, तसा इथंही धोका आहे. म्हणून तळघरात भिंतीवर यंत्र लावलंय, हवा बिघडली की ते बोंबलतं आणि आम्ही बाहेर पळतो. टाकीत एकट्यानं उतरायला बंदी आहे. बाकीची माणसं चांगली आहेत. मी एकटीच बाई नाही, हेही पुन्हा सांगते.

अण्णांचा पाण्याचा प्रश्न मात्र मला लागला. "आमी टँकरमागं घागरी घेऊन पळायचो अन् तुमी पाण्याची दारू करता." २०१६ मला आठवतं अण्णा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठानं दारू-बिअरच्या कारखान्यांचं पाणी कापायला लावलं, ते बरोबरच होतं. एक लिटर बिअरला चांगल्या कारखान्यातसुद्धा तीन-चार लिटर पाणी जातं, लहान कारखान्यात त्याहून जास्त, आणि त्यातलं बरंचसं धुण्यात जातं. आमच्याकडं उकळता रस गार करताना जे पाणी तापतं ते वाया घालवत नाहीत, साठवून दुसऱ्या दिवशीच्या माल्टला वापरतात. शिवाय इथं रेग्निट्झ नदी भर गावातून बारमाही वाहते. या उत्तरानं तुमचं समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे. नळ सोडून दात घासणारी माणसं बघितली की अजून मला आतून काहीतरी होतं, एवढं खरं.

आता एक गंमत. इथं डोंगराच्या अंगाला बिअरची जुनी तळघरं आहेत आणि वर झाडाखाली बाकं मांडलेली. उन्हाळ्यात सगळं गाव तिकडं लोटतं. लोक बिअर तिथली विकत घेतात, पण जेवण घरून नेतात! टोपलीत पाव, चीज, सॉसेज, चक्राकार कापलेला मुळा, मीठ, सुरी, लाकडी पाट आणि चौकड्यांचं कापड. कापड बाकावर अंथरायचं, शिदोरी सोडायची, आणि मालक येऊन "कसं काय" विचारून जातो. आपल्याकडं हॉटेलात घरचा डबा उघडून बघा! मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुणी हाकलतं की काय म्हणून दशमी मांडीवर झाकून बसले होते.

याचं कारण मी घरमालकांना खोदून खोदून विचारलं. पूर्वी फ्रिज नव्हते. १५३९ च्या हुकमानं बव्हेरियात (बाम्बेर्ग आता याच राज्यात आहे) बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळात करता यायची, कारण उन्हाळ्यात ती नासायची आणि भट्ट्यांमुळं आगी लागायच्या. (अण्णा, भट्टी म्हणजे कढईखालचा जाळ.) उन्हाळ्याची बिअर आधीच करून डोंगरातल्या तळघरांत ठेवायची, आणि तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायची. पान रुंद, मूळ उथळ, म्हणजे सावली दाट आणि खालच्या कमानीला धक्का नाही. मग लोक त्या सावलीतच येऊन प्यायला लागले, आणि म्युनिकच्या खानावळवाल्यांनी तक्रार केली की आमचं गिऱ्हाईक पळवलं. १८१२ मध्ये राजा पहिला मॅक्सिमिलियन योसेफ यानं तोडगा काढला. बिअरवाल्यांनी बिअर आणि पाव विकावा, जेवण विकू नये. झालं, लोक जेवण घरून आणायला लागले. ती बंदी कधीच गेली, टोपल्या मात्र राहिल्या. १९९९ च्या सरकारी नियमातही घरचं खाणं आणायची मुभा ही बिअर गार्डनची एक मुख्य खूण धरली आहे. एकच पथ्य आहे. ज्या टेबलावर हॉटेलचं कापड अंथरलेलं असेल तिथं आपला डबा उघडायचा नाही, उघड्या बाकावर बसायचं. आणि उघड्या बाकावर बसून लोक अंथरतात काय, तर घरचं कापड! मी आता शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे नेते. घरमालकीणबाई ठेचा खातात, डोळ्यांतून पाणी काढतात आणि पुन्हा मागतात. ज्वारीचं पीठ न्युरेंबर्गला मिळतं, तेव्हा पुढच्या पार्सलात पीठ घालू नका, टपालाला उगीच पैसे जातात.

माळेचं तुम्ही विचारलंत. कामावर गळ्यात, हातात, बोटात काही घालू देत नाहीत, यंत्रांमुळं आणि स्वच्छतेमुळं. माळ देवाच्या फोटोजवळ जपून ठेवली आहे. रविवारी घालते, बहुतेक रविवारी. आणि चाखावं लागतं अण्णा. प्रत्येक टाकी चाखल्याशिवाय पुढं जात नाही. वाइनवाले तोंडात घोळवून थुंकतात म्हणे, पण बिअरचा कडूपणा गिळल्यावरच पुरता कळतो, म्हणून घोटभर गिळावी लागते. तो कामाचा भाग आहे. तुम्ही यंदाही दिंडीबरोबर जाल, गंगाखेडला गजानन महाराजांची पालखी आली की माझ्या वाट्याचंही पायावर डोकं ठेवा.

पुढचं गोविंदसाठी लिहिते, पण अण्णा, तुम्हीही वाचा, म्हणजे तो माझ्या नावावर काही खपवणार नाही. गोविंद, पुण्याच्या खोलीवर बादलीत बिअर करायचं जे खूळ तू आणि तुझ्या मित्रांनी घेतलंय ते सोडा. इथं स्वतःपुरती घरी करायला कायद्यानं मुभा आहे, फक्त विकायची नाही. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे. पोरीकडचे चौकशीला आले म्हणजे हेच सांगणार का त्यांना? तंत्र हवं असेल तर ते ऐक. शीक, परवान्याच्या जागी नोकरी धर आणि मग कर.

आमचे घरमालक तळघरात वीस लिटरच्या पातेल्यात करतात. मी आल्यापासून बाटली घेऊन दारात उभे, चाखून सांग म्हणतात. त्यांचा सगळा जीव कृतीत, या वेळी हे माल्ट, पुढच्या वेळी ते हॉप्स. कारखान्यात उलटं असतं. तीच बिअर, तोच आकडा, वर्षानुवर्षं, आणि सगळं वहीत. मी त्यांना म्हटलं, आजोबा, एकच बिअर पुन्हा पुन्हा करा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बिघडलं कशानं ते कळणार कसं? ते रुसले. मग यीस्टवर आले. थंडीत आंबवायच्या वीस लिटरला ते एक पाकीट टाकायचे, ते अपुरं पडतं, निदान दोन लागतात. आता कारखान्याच्या मालकांना विचारून मी तिथलंच ताजं यीस्ट बरणीत नेते, इथले बरेच घरगुती ब्रूअर, म्हणजे घरी बिअर करणारे, असंच मागून नेतात. खोलीचं तापमान मोजू नका, रसाचं मोजा, तो आतून तीन-चार अंश जास्त असू शकतो. आपल्या वैशाखात तर बोलायलाच नको.

हवेचंही त्यांना पटायला वेळ लागला. यीस्ट सोडायच्या वेळी रसात हवा हवी, त्यानंतर थेंबभरही नको. आमच्याकडं बाटलीतली हवा आधी ओढून काढतात, मग गॅस भरतात, मग बिअर. आजोबा वरून धबधबा ओतायचे आणि महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी चव यायची. आता नळी बाटलीच्या तळाला टेकवून हळू भरतात. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, मळलेल्या भांड्यावर औषध ओतून जंतू मरत नाहीत, हे मात्र त्यांनी लगेच मानलं. आणि साखर संपली की नाही ते हायड्रोमीटरनं (रसाचा दाटपणा दाखवणारी तरंगती काचनळी) सलग काही दिवस बघायचं, आकडा हलायचा थांबला तरच बाटलीत भरायचं. नाहीतर बाटल्या फुटतात, आणि काच कुठं जाईल सांगता येत नाही.

सगळंच कारखान्याचं उचलू नये, हेही मी त्यांना सांगते. बिअर आरशासारखी दिसावी म्हणून आम्ही गाळतो, त्यात चवही थोडी जाते. घरी ते कशाला? पाण्याचं मात्र ज्यानं त्यानं आपापलं बघावं. आपल्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तेच क्षार माल्टची आंबटता बिघडवतात. फिकट बिअर त्या पाण्यात जमत नाही, काळसर जमते, कारण भाजलेलं माल्ट स्वतःच आंबट असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर दवाखान्याचा वास येतो.

आता घरचं. मला कायमचं पत्र मिळालंय, म्हणजे नोकरी पक्की झाली. आनंदाची गोष्ट आहे, पण त्यामुळं "दोन वर्षांनी परत येईन" म्हटलं होतं ते पुढं जाईल. उन्हाळा हाच आमचा हंगाम, म्हणून आषाढीला येणं जमणार नाही. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते वेळेवर चाललेत, बँकेतून फोन आला तर घाबरू नका.

सुनीताचं माझ्यामुळं अडवून ठेवू नका. थोरली बसलीय आणि धाकटीचं कसं, असं आत्या म्हणत असतील तर त्यांना माझा नंबर द्या. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली तर मी डिसेंबरात नक्की येते. मांडव, जेवण, पोरीचे दागिने, सगळ्याला पैसे देते. हुंड्याला माझा एक रुपया नाही.

लातूरच्या स्थळाला माझा नकार कळवा. मुलगा वाईट नाही, फोनवर नीट बोलला. पण मामांनी बायोडेटात 'खाद्यपदार्थ कंपनीत अधिकारी' लिहिलं होतं, आणि मी खरं सांगितल्यावर तो म्हणाला की आईला सांगू नका. मग पुढं काय बोलणार? नवा बायोडेटा गोविंदकडं पाठवला आहे, त्यात 'ब्रूअर' असं स्पष्ट लिहिलंय. मामांना तोच फिरवायला सांगा, नसेल तर फिरवू नका म्हणावं. आई, रडू नको. बाकीचं डिसेंबरात बोलू.

तुमची,
सुरेखा

ता. क. पेरणीचे आणि सुनीताच्या बैठकीचे मिळून दोन लाख आईच्या खात्यावर टाकलेत. अण्णांच्या खात्यावर मुद्दाम टाकले नाहीत, मागच्या खेपेला बँकेनं पीककर्जात परस्पर वळते करून घेतले होते. आई, एटीएम कार्ड गोविंदच्या हातात देऊ नको.